नाव न छापण्याच्या अटीवर

मागच्या वर्षी मला लिंक्डइनवर एक मेसेज आला. पाठवणारा एका परदेशी टेक-साइटसाठी लिहितो. त्याच्या बातम्या मी चार-पाच वर्षं वाचत आलोय. मेसेज छोटा होता आणि अगदी सभ्य. मी लॅपटॉपच्या फर्मवेअरवर काम करतो हे त्याला माझ्या प्रोफाइलवरून कळलं होतं. एका कंपनीच्या अजून न आलेल्या मॉडेलबद्दल तो माहिती जमवत होता. माझी तयारी असेल तर सिग्नलवर बोलू, नाव कुठेही येणार नाही, असं लिहून खाली नंबर दिला होता.

खरं सांगायचं तर आधी आनंदच झाला. ज्याचं लिखाण आपण वाचतो त्याला आपल्याकडून काहीतरी हवंय! मग लक्षात आलं की मेसेज मी ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडलाय, आणि पोटात गोळा आला.

नऊ दिवस मी उत्तर दिलं नाही. त्या नऊ दिवसांत त्याच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या जुन्या बातम्या काढून पुन्हा वाचल्या. इतकी वर्षं त्या गिऱ्हाईक म्हणून वाचल्या होत्या: नवीन मॉडेल कधी येणार, थांबावं की आत्ताच घ्यावं. आता पहिल्यांदाच सूत्र म्हणून वाचत होतो.

या बातम्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेलं असतं. माहिती या विषयाच्या जाणकारांनी दिली आहे, योजना जाहीर झालेली नसल्यामुळे त्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, अशा अर्थाचं. अ‍ॅप इन्स्टॉल करताना अटी-शर्तींवरून नजर घसरते तशी या वाक्यावरून घसरते. मी ते शंभरदा तरी वाचलं असेल. यावेळी दिसलं की त्यात नाव लपवण्याचं कारण दिलेलं असतं, पण तोंड उघडण्याचं कारण जवळपास कधीच नसतं. हा माणूस बोलला का? रागाच्या भरात, हौसेपोटी, बढती हुकली म्हणून, की साहेबानंच बोलायला सांगितलं म्हणून? चारही शक्यता त्या एका वाक्यात सारख्याच आरामात मावतात.

मराठीत तर आणखी सोय आहे. ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं’ म्हटलं की माणूसच नाहीसा होतो. सूत्र नपुंसकलिंगी, आणि बातमीत कायम अनेकवचनी. एकट्या सूत्रानं बातमी दिल्याचं मी कधी वाचलेलं नाही. याच माणसाला कंपनी घरभेदी म्हणते आणि पोलीस असते तर खबऱ्या म्हणाले असते. गंमत अशी की ‘सूत्रं हलवणारा’ मात्र आपल्या भाषेत भलताच कुणीतरी असतो, आणि तो बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर बसतो.

हा खेळ जुना आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत ‘मॅकवीक’ नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात ‘मॅक द नाइफ’ या टोपणनावानं अफवांचा कॉलम यायचा, आणि चांगली खबर आणून देणाऱ्याला कॉफीचा एक मग बक्षीस मिळायचा. मॅकवाल्यांच्या जगात त्या मगाला मोठा भाव होता. नोकरी पणाला लावून मग मिळवायचा आणि तो ऑफिसच्या टेबलावर ठेवता येणार नाही, हे मला फार आवडलं.

मग वेबसाइट आल्या आणि खेळातली मजा कमी झाली. निकोलस चियारेली नावाच्या मुलानं १९९८ साली, तेराव्या वर्षी, ‘थिंक सीक्रेट’ ही साइट सुरू केली. तो ‘निक डीप्लूम’ या नावानं लिहायचा, म्हणजे बातमी देणाराही निनावी आणि बातमी लिहिणाराही. आतली माहिती असेल तर आम्हाला कळवा, असं आवाहन साइटवर उघडउघड होतं. २८ डिसेंबर २००४ ला त्यानं लिहिलं की अ‍ॅपल ४९९ डॉलरचा, स्क्रीन नसलेला मॅक आणतंय. ४ जानेवारीला अ‍ॅपलनं दावा ठोकला. ११ जानेवारीला ४९९ डॉलरचा मॅक मिनी आला. दावा ठोकून कंपनीनं बातमीवर स्वतःच शिक्का मारला होता. तोवर चियारेली हार्वर्डमध्ये शिकत होता. २००७ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली: साइट बंद, सूत्रांची नावं गुप्त.

पण मला जास्त वेळ अडकवून ठेवलं ते दुसऱ्या खटल्यानं. त्याच हिवाळ्यात ‘पॉवरपेज’ आणि ‘अ‍ॅपलइन्सायडर’ या साइटवर ‘अ‍ॅस्टेरॉइड’ अशा सांकेतिक नावाच्या एका यंत्राची माहिती आली होती. यंत्र म्हणजे काय, तर गिटार किंवा माइक मॅकला जोडून गॅरेजबँडमध्ये रेकॉर्ड करायचा एक डबा. अ‍ॅपलनं अज्ञात व्यक्तींवर दावा लावला आणि त्या अज्ञातांची नावं काढण्यासाठी पॉवरपेजची ईमेल सांभाळणाऱ्या कंपनीकडे ईमेल मागितल्या. मार्च २००५ मध्ये खालच्या कोर्टानं अ‍ॅपलच्या बाजूनं निकाल दिला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की लोकांना एखाद्या गोष्टीत रस आहे म्हणून ती लोकहिताची ठरत नाही.

मे २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं हे उलटवलं. ‘ओग्रेडी’ खटला म्हणून हा निकाल आजही सांगितला जातो. दिवाणी दाव्यातल्या समन्सवर ईमेल कंपनी कुणाच्या ईमेलचा मजकूर देऊ शकत नाही, असं कोर्ट म्हणालं. वेबसाइटवर लिहिणाऱ्यालाही पत्रकाराचं संरक्षण आहे, आणि खरी बातमी कोणती, फालतू कोणती हे ठरवण्याचं काम कोर्टाचं नाही. आज फोनवर जे काही वाचलं जातं, हा लेख धरून, त्या सगळ्याला पत्रकारितेच्या घरात जागा देणाऱ्या सुरुवातीच्या निकालांपैकी हा एक. मला तो मनापासून पटतो.

त्यात आणखी एक मुद्दा आहे, जो या निकालाचं कौतुक करणारे भरभर वाचून पुढे जातात. पत्रकाराकडे सूत्राचं नाव मागण्याआधी कंपनीनं बाकीचे सगळे मार्ग वापरून संपवायला हवेत. अ‍ॅपलनं आपल्या कर्मचाऱ्यांची अंतर्गत चौकशी केली होती, पण शपथेवर त्यांची साक्ष घेतली नव्हती. ती आधी घ्या, असं कोर्टाचं म्हणणं.

कायदा म्हणून यात चूक काढता येत नाही. पत्रकाराकडे शेवटीच जायचं असेल तर आधी कुणाकडे तरी जावंच लागणार. पण मी ते इंजिनिअर म्हणून वाचत होतो. पत्रकारावरचा टॉर्च बाजूला वळवला की तो टीमवर पडतो. ती फाइल उघडण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकावर पडतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी कुणाशी एक शब्दही बोललेला नसतो. सूत्राचं संरक्षण म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते मुख्यतः पत्रकाराच्या वहीचं संरक्षण असतं. सूत्राला त्याचा फायदा मिळतो तो वही बंद राहते तेवढाच.

अ‍ॅस्टेरॉइड बाजारात कधी आलंच नाही.

आपल्याकडे हे एवढंही नाही. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात सूत्राचं नाव सांगायची सक्ती नको अशी तरतूद आहे, पण ती कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरती. कोर्टातही असं संरक्षण असावं अशी शिफारस विधि आयोगानं १९८३ मध्ये केली होती. ती शिफारसच राहिली.

कंपन्या इतक्या घाबरतात का, हेही पाहायला हवं. १९८३ साली ऑस्बोर्न कंप्युटर ही कंपनी बुडाली. पुढच्या मॉडेलबद्दल आधीच बोलून बसल्यामुळे चालू मॉडेल कुणी घेईना, अशी कथा सांगतात. ती पूर्ण खरी नाही असं म्हणणारेही आहेत. (अ‍ॅडम ऑस्बोर्नचं लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं, आणि कंपनी काढण्याआधी तो स्वतःच कंप्युटर मासिकांत कॉलम लिहायचा. ही कथा मला म्हणून जवळची वाटते.) तेव्हा भीती अगदीच खोटी नाही. पण ती सोयीप्रमाणे येते आणि जाते.

२०१० च्या जानेवारीचं पाहा. अ‍ॅपलचा टॅबलेट येणार आणि त्याची किंमत १,००० डॉलरच्या आसपास असेल, अशी बातमी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं सूत्रांच्या हवाल्यानं दिली. लगेच ‘मॅक ऑब्झर्व्हर’मध्ये जॉन मार्टेलारो या अ‍ॅपलच्या माजी मार्केटिंग मॅनेजरनं लिहिलं की कंपनी स्वतःच मुद्दाम बातमी कशी फोडते. वरचा साहेब एखाद्याला सांगतो, अमुक पत्रकार तुझ्या ओळखीचा आहे ना, त्याला फोन कर आणि बोलता बोलता हे त्याच्या कानावर घाल. ईमेल करायचा नाही. टॅबलेटची बातमीही त्याच जातीची असावी असा त्याचा अंदाज होता. २७ जानेवारीला स्टीव्ह जॉब्स स्टेजवर आला, जाणकार ९९९ डॉलर म्हणतायत असं सांगून त्यानं तो आकडा पडद्यावर दाखवला, आणि मग तो फोडून ४९९ आणला. टाळ्या पडल्या. पाचशे डॉलर ही तेव्हाही लहान रक्कम नव्हती. ती लहान वाटावी म्हणून आधी हजार डोक्यात बसणं गरजेचं होतं.

ती बातमी खरोखर आतूनच सोडली होती का, हे बाहेरून सिद्ध होत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. साहेबाच्या सांगण्यावरून फोन करणारा मार्केटिंगवाला आणि घरी गॅलरीत उभं राहून दबक्या आवाजात बोलणारा इंजिनिअर, दोघंही बातमीत ‘जाणकार’ म्हणूनच येतात. एकाला नाव लपवून काहीच गमवायचं नाही, उलट कमवायचं आहे. दुसऱ्याचं सगळं पणाला लागलंय. पत्रकाराला हा फरक पक्का माहीत असतो. तो आपल्याला सांगत नाही, आणि न सांगण्याला तत्त्वाचं नाव देतो.

तत्त्व किती ताणलं जातं ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिसलं. आयफोन ४ चा नमुना एका इंजिनिअरकडून बारमध्ये राहिला, तो ज्यांना सापडला त्यांच्याकडून ‘गिझमोडो’नं ५,००० डॉलर देऊन घेतला, उघडून फोटो छापले. पोलिसांनी संपादकाच्या घराचं दार तोडून कंप्युटर जप्त केले, तेव्हा पत्रकारस्वातंत्र्याची हाकाटी झाली, आणि ती योग्यच होती; पुढे ते वॉरंट मागे घेतलं गेलं. पण ज्याचा फोन हरवला त्या इंजिनिअरचं नाव गिझमोडोनं छापून टाकलं होतं. तो त्यांचा सूत्र नव्हता, त्यानं त्यांना काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव झाकायचं बंधनही नव्हतं. सूत्राला अभय आणि बिचाऱ्या विसरभोळ्याला प्रसिद्धी, असा हा धर्म. गिझमोडोचा तेव्हाचा संपादक ब्रायन लॅम यानं पुढच्या वर्षी मोकळेपणानं लिहिलं की पुन्हा वेळ आली तर त्या इंजिनिअरबद्दल अधिक करुणेनं आणि नाव न घेता लिहीन. हे कबूल करायला धाडस लागतं, आणि या क्षेत्रात असं लिहिणारे मला फारसे भेटले नाहीत.

२०१८ मध्ये अ‍ॅपलनं कर्मचाऱ्यांना ताकीद देणारं एक अंतर्गत पत्रक काढलं. २०१७ मध्ये २९ जणांना पकडलं, त्यातल्या १२ जणांना अटक झाली, असं त्यात होतं. (पत्रक अर्थातच फुटलं आणि ब्लूमबर्गनं छापलं.) पत्रकार सोशल मीडियावर ओळख काढतात, गोड बोलतात, आणि तुम्हाला वाटतं तुमचं कौतुक होतंय, पण तुमचा वापर होत असतो, असा त्याचा सूर होता. कंपनीची धमकी म्हणून ते पत्रक मला आवडत नाही. पण लिंक्डइनवरचा मेसेज समोर ठेवून वाचल्यावर हसू आलं नाही.

अलीकडचे दोन दावे पाहिले तर चित्र जास्त स्पष्ट होतं. मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलनं एका माजी कर्मचाऱ्यावर पत्रकारांना माहिती पुरवल्याचा दावा लावला. वर्षभरानं त्यानं जाहीर माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. ज्या बातम्या आल्या त्या जागच्या जागी आहेत. जुलै २०२५ मध्ये आयफोनच्या नव्या सॉफ्टवेअरचं रूप आधीच दाखवल्याबद्दल एका यूट्यूबरवर आणि त्याच्या साथीदारावर दावा झाला. साथीदारानं आपल्या ओळखीच्या अ‍ॅपल इंजिनिअरचा फोन तो घरी नसताना उघडून व्हिडिओ कॉलवर दाखवला, असा आरोप आहे. आपल्या बाजूनं असं घडलं नाही, असं यूट्यूबरचं म्हणणं. खरं-खोटं कोर्ट बघेल. नोकरी गेली ती त्या इंजिनिअरची.

तर मग हे सगळं बंद व्हावं का? इथे मला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागेल. २०२० मध्ये मी शेवटच्या वर्षाला होतो. पहिला मॅकबुक घ्यायचा होता, हप्त्यांवर, बाबांच्या कार्डावर. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गनं सूत्रांच्या हवाल्यानं बातमी दिली की अ‍ॅपल लवकरच स्वतःच्या चिपचे मॅक आणणार आहे. मी थांबलो. जूनमध्ये घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये एम१ आला, आणि मी तो घेतला. तो अजून चालतोय. नव्वद हजारांच्या आसपासची रक्कम आमच्या घरी बोलून ठरवायची गोष्ट होती, आणि कंपनी आपणहून मला कधीच म्हणाली नसती की बाळा, जरा थांब. कोणीतरी, कुठेतरी, नोकरीवर पाणी सोडायची जोखीम घेऊन आमच्या घरी फायदा करून दिला. तेव्हा रस वेगळा आणि हित वेगळं, हे वाक्य ऐकायला कितीही चांगलं असलं तरी माझ्या बाबतीत दोन्ही एकच निघाले.

आणि मोठ्या गोष्टी आहेतच. थेरॉनोस या कंपनीचं रक्त तपासायचं यंत्र सांगितलं तसं चालत नाही हे जॉन कॅरीरू यानं २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लिहिलं, ते आत काम केलेल्या, नाव न देता बोललेल्या लोकांच्या जोरावर. त्यांच्यामागे वकील लागले. त्या बातमीत सूत्र का बोललं हे वेगळं सांगावं लागत नाही. रुग्णांना चुकीचे रिपोर्ट जात होते, हेच कारण. यंत्र तेच, गुप्तता तीच, नाव न छापण्याची अट तीच. म्हणून कायद्यानं दोन गट पाडू नयेत हे मला मान्य आहे. पण कायद्यानं पाडू नये तो फरक लिहिणाऱ्यानं पाडू नये असं कुठे आहे? नव्या लॅपटॉपला पोर्ट किती, या माहितीसाठी एखाद्याची नोकरी मागताना निदान हात थरथरावा. सूत्र कंपनीच्या फायद्याचं बोलतंय की तोट्याचं, एवढं तर नाव न सांगताही लिहिता येतं. ‘कंपनीच्या योजनेला अनुकूल असलेल्या एका व्यक्तीनं’ असे चार शब्द जास्त. राजकारणाच्या बातम्यांत चांगले वार्ताहर ते लिहितात. टेकमध्ये लिहीत नाहीत, कारण मग निम्म्या बातम्या जाहिरातीसारख्या दिसतील, आणि मला वाटतं तशा त्या असतातही.

दहाव्या दिवशी मी त्या पत्रकाराला माझ्या स्वतःच्या फोनवरून उत्तर लिहिलं. माहिती दिली नाही. एकच प्रश्न विचारला: मी बोललो आणि पकडला गेलो तर तुम्ही काय कराल? त्याचं उत्तर तासाभरात आलं. नाव सांगणार नाही, कोर्टानं विचारलं तरी नाही. त्यापलीकडे काही करू शकत नाही, खोटं आश्वासन देत नाही. इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी त्याचे आभार मानले आणि विषय संपवला.

चार महिन्यांनी बातमी आली. तीन जाणकारांचा हवाला होता. बॅटरीचा आकडा चुकीचा होता. बरोबर आकडा कोणता ते मी अर्थातच लिहू शकत नाही. पुढच्या सोमवारी आमच्या टीममधल्या अकरा जणांना एकेक करून आतल्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. माझा नंबर सातवा होता. एचआरच्या मॅडम आणि सिक्युरिटीचे एक सर, दोघंही चांगले बोलले, पाणी विचारलं. या पत्रकाराला ओळखता का, असं विचारलं. मी म्हणालो, त्याच्या बातम्या वाचतो. कधी संपर्क झालाय का? मेसेज फोनमध्येच होता, पुसलेला नव्हता, आणि फोन टेबलावर उपडा ठेवलेला होता. आधी कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नव्हतं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहत बसले.